अंगठ्याच्या आवाक्यात

तवोंगा आली त्या दिवशी म्झुझूत वीज नव्हती,
आणि मी बंद पडलेल्या दोन मॉनिटरांसमोर
बाटलीतलं कोमट पाणी पीत बसलो होतो.
"अर्ज भरायचा आहे," ती म्हणाली.
"वेबसाइटवर आहे की."
"तिथूनच आले."

न्खाटा बेहून पहाटेची मिनीबस.
वडिलांनी वाळवलेली उसिपा विकून दिलेले पैसे.
आणि हा फोन: उजवा कोपरा फुटलेला,
पाठ रबरबँडने आवळलेली,
बॅटरी बावीस टक्के.
वैद्यापुढे नाडी धरावी
तसा तिने तो माझ्यापुढे धरला.

आधी उतरलं आमचं बोधचिन्ह,
छपरावरून ओल उतरते तितक्या सावकाश.
मग कुलगुरू, झग्यासकट.
मग पुन्हा कुलगुरू, झाड लावताना.
पाच फोटो, एकमेकांना ढकलत सरकणारे,
आणि त्यांच्यावर आडवं ब्रीद: ज्ञान सर्वांसाठी खुले.
तिचा दिवसाचा डेटा
तिसऱ्या फोटोत संपायचा.

चौथ्या दिवशी ती फोटोंच्या पलीकडे पोचली होती.
तिथे मोहरीएवढी अक्षरं,
'प्रवेश'ला चिकटून 'निविदा',
आणि सरोवरात जाळी ओढून रुंद झालेला अंगठा.
नऊ वेळा तिला खुर्च्यांची निविदा उघडून मिळाली.
एकदाही खुर्ची नाही.

फॉर्म सापडला तेव्हा तो काचेपेक्षा रुंद होता.
'सादर करा' हे बटण
उजवीकडे, काचेबाहेर,
बहुधा पाण्यात.

मीच बांधली होती ती.
मोबाइलवर तपासलीही होती,
माझ्या, नव्या, ऑफिसच्या वायफायवर.
प्रमाणपत्र मिळालं होतं त्याबद्दल, भिंतीवर आहे.
एवढ्या लांबून अंगठा पुढे करणाऱ्या मुलीला
आम्ही अंगठाच दाखवला होता.

अर्ज कागदावर घेतला. न्योंडोसाहेबांनी
चष्मा कपाळावरून खाली ओढला, तारीख पाहिली.
मुदत काल संपली होती.
ती काही बोलली नाही. फोन बंद केला,
परतीच्या वाटेसाठी टक्के राखून.

बाजारातून मी तसलाच एक फोन आणला, जुना,
काच फुटलेलाच हवा म्हणालो
तर दुकानदाराने मला नीट निरखून पाहिलं.
स्वस्तातला डेटा भरला, आणि उन्हात,
मिनीबसच्या थांब्यावर, उभ्याने
माझंच घर बाहेरून उघडून बघू लागलो.

मग पाडापाडी.
सरकते फोटो गेले. फीचा तक्ता,
तिरका स्कॅन केलेली सतरा पानं,
माझ्या हाताने टाइप केला, दोन रात्री.
'प्रवेश' आणि 'निविदा' यांच्यात
दोन भांडखोर शेजाऱ्यांत ठेवतात तेवढी जागा सोडली.
बटण खाली आणलं, मोठं केलं.
रेंज गेली तरी भरलेलं पुसू नये
एवढ्यासाठी दीड महिना गेला,
आणि बायकोशी एक भांडण.

न्योंडो आले. "साहेबांचा फोटो कुठाय?"
"आहे. खाली. ज्याला हवा त्याने दाबावा."
पहिल्या महिन्यात दोघांनी दाबला.
त्यातला एक मी, उघडतोय का बघायला.

पुढच्या वर्षी प्रवेशाच्या दुसऱ्या दिवशी
नोंदी चाळत होतो.
पहाटे चार बावन्न: अर्ज सुरू. तुटला.
पाच वाजून तीन: सुरू. तुटला, जिथे होता तिथेच थांबला.
पाच एकतीस: सादर.

नाव उघडून बघायची मला परवानगी नाही.
बघितलं नाही, असं मी न्योंडोंना सांगेन.
फोन जुना होता, एवढं कळलं,
काच अरुंद, आणि सगळं एकाच अंगठ्याने झालं असावं.
दुसऱ्या हातात काय होतं
ते नोंदीत येत नाही.